मागची दाढ

तपासणीचं पत्र सरांना मीच वाचून दाखवलं. बुधवारी सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी. क्लिनिकमधली स्वच्छता, उपकरणं, कागदपत्रं आणि पेशंटची काळजी कशी घेतली जाते ते बघायला पुढच्या सोमवारी दोन अधिकारी येणार होते. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की आपल्याकडे चुकीची दाढ काढल्याची तक्रार एका पेशंटच्या मुलीने केली आहे, तिचीही चौकशी त्याच वेळी होईल.

सर मान खाली घालून ऐकत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, "शेवटचं परत वाच."

मी परत वाचलं.

कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, डॉक्टर मोठे, कामात असतात, म्हणून असिस्टंटकडून पत्रं वाचून घेतात. खरं कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं. सरांना आता वाचता येत नव्हतं.

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर भांडुपला एका सोसायटीत वॉचमन झाले. मी बारावीनंतर शिकले नाही. सरांचं क्लिनिक मुलुंड पूर्वेला, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत बाकडं आणि माझं टेबल, आतल्या खोलीत पेशंटची खुर्ची. हत्यारं कशी धुवायची, वाफेच्या मशीनमध्ये किती वेळ ठेवायची, घाबरलेल्या पेशंटच्या खांद्यावर हात कुठे ठेवायचा, सगळं त्यांनी शिकवलं. कधी आवाज चढवला नाही. एकोणीस वर्षं मी तिथे होते.

डोळ्यांचं शेवटच्या तीन वर्षांतलं. त्यांना मधुमेह होता. डोळ्यातल्या पडद्याला सूज आली, इंजेक्शनं झाली, थोडं सावरलं, परत बिघडलं. एकदा दुपारी पेशंट नव्हता तेव्हा मला म्हणाले, "मधोमध धूर बसल्यासारखं दिसतं गं. कडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे बघायला जातो तेवढंच दिसत नाही." मग म्हणाले, "घरी माहीत नाहीये. तूही कुठे बोलू नकोस."

मी बोलले नाही. उलट सांभाळून घेत गेले. आधी फक्त औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचायचे. मग केसपेपर मी लिहायला लागले, ते सांगायचे आणि खाली सही करायचे. कॅपचा रंग शेजारच्या दाताशी जुळतो का ते मी बघायचे. एक्स-रे स्क्रीनवर आला की ते नाक लावून बसायचे, आणि मी मागून हळूच सांगायचे, "सर, सदतीस नंबरच्या दाढेला मागच्या बाजूने काळं दिसतंय." त्यांचे हात पक्के होते. तीस-पस्तीस वर्षांची सवय बोटांत होती. काम बोटांनी व्हायचं आणि नजर माझी असायची. पेशंटना काही कळत नसे. "डॉक्टर आणि सिस्टरचं किती जमतं," असं म्हणायचे लोक. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटायचा.

जिची दाढ गेली ती बाई कणकवलीकडची. साठीच्या पुढची. स्टेशनकडच्या चार घरांत पोळ्या करायला जायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. खालची डावी बाजू दुखते म्हणून आली. आमच्याकडे प्रत्येक दाताला नंबर असतो. खाली डावीकडची पहिली मोठी दाढ म्हणजे छत्तीस आणि तिच्या मागची सदतीस. मावशीची सदतीस नंबरची मागून, हिरडीखाली मुळापर्यंत किडली होती. रूट कॅनॉल करून वाचण्यातली नव्हती. छत्तीस अगदी चांगली होती. मी केसपेपरवर सदतीस लिहिलं, काढायचं ठरलं.

काढायच्या दिवशी मावशी घाबरली होती म्हणून तिची मुलगी आत येऊन बसली. वांद्र्याला कुठल्याशा ऑफिसात नोकरी करणारी, पंचविशीची. कोपऱ्यातल्या स्टुलावर, आमच्या बरोबर समोर.

असं काढायचं काम असलं की मी कापसाचा बोळा नेमक्या दाढेशी दाबून ठेवायचे. सरांचं बोट त्या बोळ्याला लागलं की त्यांना कळायचं. त्या दिवशी मावशीने जीभ हलवली आणि बोळा पुढे सरकला. कीड हिरडीखाली असल्यामुळे वरून चाचपून दोन्ही दाढा सारख्याच लागत होत्या. चिमटा पुढच्या दाढेवर बसला.

मला दिसलं. हे मी नंतर खूप जणांना सांगितलं आहे. मला स्पष्ट दिसलं. "सर, मागची" हे दोन शब्द तोंडापर्यंत आले होते. पण मुलगी आमच्याकडेच बघत होती. मी बोलले असते तर तिने लगेच विचारलं असतं, डॉक्टरांना दिसत नाही का? मला वाटलं, सरांना स्वतःच कळेल. आत्ता थांबतील. तेवढ्यात त्यांनी मनगट फिरवलं.

दाढ अख्खी निघाली. पांढरीशुभ्र, दोन्ही मुळं शाबूत. सरांनी ती ट्रेमध्ये ठेवायच्या आधी बोटांत फिरवून पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजलं की त्यांना समजलंय. मावशीला ते म्हणाले, "झालं. कापूस अर्धा तास दाबून ठेवा, गरम काही घेऊ नका."

त्या दोघी गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू बघितलं नाहीस?"

"बघितलं, सर."

ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

मावशीचं दुखणं थांबायचं कारणच नव्हतं. चार दिवसांनी तिने भांडुपला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढून मुलीला दाखवला. मुलगी आमच्याकडे आली, बाहेरच्या खोलीत चार पेशंट बसले होते त्यांच्यासमोर ओरडली. सर म्हणाले, "पुढचीही कमकुवत होती. दोन्ही काढाव्याच लागल्या असत्या." ती म्हणाली, "मग पेपरवर लिहा ना तसं." आणि निघून गेली. त्यानंतर ते पत्र आलं.

पत्र आल्यापासून सोमवारपर्यंत मी क्लिनिक घासून काढलं. कपाटं रिकामी करून पुसली, प्रत्येक पाकिटावरची तारीख तपासली, कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल पिशव्या बदलल्या. शनिवारी दुपारी सरांनी मला आत बोलावलं.

"मावशीचा नवीन केसपेपर घे. सगळं तेच लिही. फक्त सदतीसच्या जागी छत्तीस लिही."

"सर, आपण सदतीस लिहिलं होतं."

"माहितेय मला. लिही."

मी लिहिलं. मला वाटलं, ते म्हणतील की छत्तीसच खराब होती. याच्या पुढे मी विचार केला नाही. त्यांनी खाली सही केली, जुन्या पेपरचे तुकडे केले आणि खिशात घातले.

सोमवारी बरोबर अकरा वाजता दोघं आले. एक बाई, स्वतः डेंटिस्ट, माझ्याच वयाच्या असतील, साध्या चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. दुसरे गृहस्थ फॉर्म भरणारे. बाई फार बोलत नव्हत्या. मशीनमधली पट्टी रंग बदलते का ते पाहिलं, हत्यारांची पाकिटं उलटसुलट करून पाहिली, भूल द्यायच्या औषधांच्या तारखा, एक्स-रेचा एप्रन, श्वास अडकला तर लागणारी औषधं कुठे ठेवली आहेत ते. एकेक गोष्ट झाली की गृहस्थ टिक करायचे. मला विचारलं, "हे सगळं कोण सांभाळतं?"

"मी."

"एवढं व्यवस्थित फार कमी ठिकाणी असतं हो, ताई."

खरं सांगते, मला आनंद झाला. मावशीची दाढ क्षणभर डोक्यातून गेली.

मग बाईंनी केसपेपर मागितला आणि एक्स-रे स्क्रीनवर लावायला सांगितलं. पेपर हातात धरून त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"डॉक्टर, किडलेली सदतीस आहे. पेपरवर छत्तीस लिहिलंय. काढलीही छत्तीसच. हे अक्षर तुमचं?"

"नाही," सर म्हणाले. "केसपेपर ती लिहिते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. बोलले. सावकाश म्हणाले, "मी सदतीसच सांगितलं होतं. तिच्या ऐकण्यात चूक झाली असणार. काढायच्या दिवशी मी पेपर पाहून काढली. माझीही चूक आहेच, एक्स-रे पुन्हा बघायला हवा होता."

हे त्यांनी शनिवारीच ठरवलं होतं की त्या क्षणी सुचलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

"ताई?" बाई म्हणाल्या.

"माझी ऐकण्यात चूक झाली," मी म्हणाले.

गृहस्थांनी लिहून घेतलं. शेरा आला तो असा: क्लिनिकची व्यवस्था समाधानकारक. केसपेपर असिस्टंटने लिहू नये. यापुढे डॉक्टरांनी प्रत्येक केसपेपर स्वतःच्या हाताने लिहावा आणि काम करण्यापूर्वी एक्स-रे स्वतः तपासावा. पेशंटला लेखी दिलगिरी पाठवावी. बाई जाताना दारात थांबल्या. मला म्हणाल्या, "इतक्या वर्षांत अशी चूक पहिल्यांदाच?" मी मान डोलावली. त्यांना पटलं नव्हतं, पण त्या गेल्या.

दार बंद झाल्यावर सर खुर्चीत बसले, पेशंटच्या खुर्चीत. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"सर, माझं नाव घेतलंत."

"तुझं काय जाणार आहे?" ते म्हणाले. रागाने नाही. समजावल्यासारखं. "तुला थोडंच लायसन्स आहे. माझी अख्खी पस्तीस वर्षं आहेत."

मी बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसले. मला वाटलं होतं, यानंतर ते स्वतःच थांबतील. थोडे दिवसांनी क्लिनिक कोणाला तरी चालवायला देतील, घरी बसतील. पण दुपारचे पेशंट आले आणि त्यांनी हाक मारली, "चला, पहिले कोण आहेत?" संध्याकाळी मला सांगितलं, केसपेपर तूच लिही, अक्षर जरा माझ्यासारखं काढ.

नऊ दिवस मी तेही केलं. त्यांचं अक्षर मला येत होतं.

दहाव्या दिवशी एक रिक्षावाला आला. उजवी खालची दाढ, काढायचीच होती. त्याला भूल दिली, ओठ बधिर झाला. सरांनी चिमटा हातात घेतला आणि नेहमीसारखं मान न वळवता मला हळूच विचारलं, "कुठली?"

त्या माणसाने तोंड उघडलं होतं आणि माझ्याकडे बघत होता. त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. मी हातातली थुंकी ओढायची नळी खाली ठेवली.

"सर, नको."

"काय?"

"आज नको. कोणाचंच नको."

"वेडी झालीस का? पेशंट आहे खुर्चीत."

"म्हणूनच नको म्हणतेय."

मी त्या माणसाचा रुमाल सोडला. त्याला सांगितलं, डॉक्टरांना बरं वाटत नाही, तुम्ही दुसरीकडे दाखवा, मी चिठ्ठी देते. तो अर्ध्या सुन्न तोंडाने "क्या हुआ, सिस्टर?" असं विचारत राहिला. सर एका जागी उभे होते. चिमटा हातातच होता. तो गेल्यावर म्हणाले, "तू मला शिकवणार आता? मी तुला बोट धरून उभी केली." आणि मग, जो मी एकोणीस वर्षांत कधी ऐकला नव्हता त्या आवाजात, "निघ."

मी निघाले. घरी गेले नाही. तपासणीच्या पत्रावर ऑफिसचा पत्ता होता, तिथे गेले. त्या बाई जेवायला गेल्या होत्या. मी तासभर बाकावर बसले. त्या आल्या, मला ओळखलं, आत घेतलं. मी सगळं सांगितलं. डोळे, कापसाचा बोळा, फाडलेला पेपर.

मला वाटलं होतं त्या माझी पाठ थोपटतील. अशी अपेक्षा कुठून आली, माझं मलाच ठाऊक.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या.

"सर होते समोर."

"पेशंटही होती समोर." त्यांनी कोरे कागद माझ्याकडे सरकवले. "लेखी द्या. पेपर तुम्ही बदललात तेही लिहा. आणि त्यानंतरचे नऊ दिवसही."

मी लिहिलं. साडेतीन पानं झाली. कितीतरी वर्षांनी मी माझ्या स्वतःच्या अक्षरात एवढं लिहीत होते.

पुढचं सगळं कागदावर झालं. सरांना बोलावलं, डोळ्यांची तपासणी झाली. त्यांनी भांडण केलं नाही. स्वतःहून प्रॅक्टिस बंद करत असल्याचं लिहून दिलं. मलाही दोनदा बोलावलं. पेपर बदलल्याबद्दल ताकीद मिळाली आणि ती कागदावर राहिली. मुलुंडमध्ये गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. तीन ठिकाणी मी कामाला विचारलं. दोघांनी "कळवतो" म्हटलं. तिसऱ्या डॉक्टर मॅडम जरा स्पष्ट होत्या. म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टरांसाठी खोटं लिहिलंत, आणि नंतर डॉक्टरांविरुद्ध खरं लिहिलंत. मला दोन्हीची भीती वाटते." मला त्यांचा राग आला नाही.

सरांच्या मिसेसचा एकदा फोन आला. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलं होतं. परवापर्यंत नातीला गाडीतून शाळेत सोडत होते गं ते. तू मला एक फोन करायचास." त्या रडत होत्या, मग त्यांनीच फोन ठेवला. गाडीचं मला माहीत होतं. रोज क्लिनिकसमोर तीच लावायचे, कठड्याला घासून. गाडीत नात असते, हे मात्र माझ्या मनातही आलं नव्हतं.

मावशीकडे मी सगळ्यात शेवटी गेले. नवीन इमारतीत सातव्या मजल्यावर घर मिळालं होतं त्यांना. मुलगी कामावर होती. मावशीने दार उघडलं, मला बघून बाजूला झाली. मी उभ्यानेच सांगितलं. ती ऐकत होती, जीभ गालाच्या आत रिकाम्या जागी लावून. मागची दाढ नंतर दुसऱ्यांनी काढली होती. डावीकडे आता खालच्या दोन्ही नव्हत्या.

"तुका दिसला व्हता?" तिने विचारलं.

"हो."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तुझी मुलगी बसली होती समोर. सरांची..."

"तेंची लाज रवली नि माझी दाढ गेली," मावशी म्हणाली. "असाच ना?"

"हो."

तिने मला बस म्हटलं नाही. पण जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली की तिला पोळ्यांच्या कामावर निघायचंय, आणि पायात चप्पल घातली. आम्ही दोघी एकाच लिफ्टने खाली आलो. ती गेटमधून डावीकडे गेली, मी उजवीकडे.

आता मी अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तळघरात काम करते. वरच्या ऑपरेशनच्या खोल्यांमधून वापरलेली हत्यारं ट्रॉलीतून खाली येतात. आम्ही ती धुतो, तपासतो, पाकिटात भरून मशीनमध्ये लावतो. मुलाखतीत मी ताकीद मिळाल्याचं स्वतःहून सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, इथे पेशंटशी संबंध येत नाही, चालेल. काम चांगलं आहे. पंखे मोठे आहेत, बोलणं फार ऐकू येत नाही. कधी कधी एखाद्या ट्रेमध्ये दात काढायचा चिमटा येतो. तो मी शेजारणीकडे देते. तिने कारण विचारलं नाही.

सरांचा फोन गेल्या वर्षी एकदा आला, दुपारच्या सुट्टीत. एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा. मला वाटलं, आता मावशीबद्दल विचारतील, किंवा माझ्याबद्दल. ते म्हणाले, "खुर्ची न्यायला माणसं आलीयेत. तिच्याखालच्या पाण्याच्या पाइपचा कॉक सापडत नाहीये त्यांना."

"बेसिनच्या मागे, सर. खाली वाकून हात घातला की लागेल. डावीकडे फिरवायला सांगा."

त्यांनी कोणाला तरी तसं सांगितलेलं ऐकू आलं. मग पाणी थांबल्याचं कोणीतरी ओरडलं. सर फोनवर होते अजून. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"मिळाला का, सर?"

"मिळाला," ते म्हणाले. "ठेवतो."

मी डबा बंद केला आणि परत कामाला लागले.